मुका बेल्ट, बोलका क्लच

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



साताऱ्यात गेली बत्तीस वर्षे मी मोटारगाड्यांच्या दुरुस्तीचे काम करतो. दसरा-दिवाळी जवळ आली की गॅरेजच्या दारात एक प्रश्न हमखास येतो. कुणाचा मुलगा नुकता नोकरीला लागलेला असतो, कुणाच्या आईला दर महिन्याला पुण्याला डॉक्टरांकडे न्यावे लागते, कुणाच्या घरी पाळणा हललेला असतो. नवी गाडी परवडत नाही. मग एखादी जुनी बघून ठेवलेली असते आणि गृहस्थ संकोचून म्हणतात, "दादा, जरा नजर टाकता का? तुम्ही हो म्हणालात की घेऊन टाकतो."

आपल्याकडे जुनी गाडी बघण्याची एक ठरलेली रीत आहे. रंगावरून हात फिरवायचा, टायरला हलकीशी लाथ मारायची, एसी लावून बघायचा, सीटकव्हरचे कौतुक करायचे. मग बॉनेट उघडून इंजिन सुरू करायचे आणि मान डोलावून म्हणायचे, "आवाज छान आहे हो!" आज मला बोलायचे आहे ते या रीतीत निसटणाऱ्या दोन गोष्टींविषयी. एक टायमिंग बेल्ट आणि दुसरा क्लच. हे मी केवळ माहितीच्या जोरावर सांगत नाही. यात माझी स्वतःची एक चूक आहे, ती आधी सांगतो.

माझा भाचा चाकणला एका कारखान्यात आहे. काही वर्षांपूर्वी त्याने एक गाडी बघून ठेवली आणि मला बोलावून घेतले. छोटी, पेट्रोलवरची, अकरा वर्षांची गाडी. मालक निवृत्त गृहस्थ. मीटरवर ५८ हजार किलोमीटर, आणि तो आकडा खरा होता. गाडी रोज पुसलेली, कुठे ओरखडा नाही. मी इंजिन सुरू करून कान दिला. शिवणयंत्रासारखा एकसारखा आवाज. चालवून पाहिली. गिअर सुरेख पडत होते, क्लच हलका होता. "मामा, घेऊ का?" भाच्याने विचारले. "घे रे, डोळे मिटून घे," मी म्हणालो.

तीन आठवड्यांनी, रविवारी संध्याकाळी त्याचा फोन आला. सगळे मिळून साताऱ्याला येत होते. पुण्याकडून येताना तेव्हा खंबाटकी घाट चढावा लागे. निम्मा घाट चढल्यावर इंजिन एकदम बंद पडले. आधी धूर नाही, खडखड नाही, कसलाही इशारा नाही. स्टिअरिंग जड झाले. मागे भरलेला ट्रक होता आणि गाडीत मागच्या सीटवर माझी थोरली बहीण, सून आणि तीन वर्षांची नात. ट्रकवाल्याने वेळेवर ब्रेक मारला, भाच्याने उरल्यासुरल्या वेगात गाडी डाव्या कडेला घेतली, हँडब्रेक ओढला आणि चाकांमागे दगड लावले. कुणाला खरचटलेसुद्धा नाही, हे आमचे नशीब.

गाडी टोचन करून गॅरेजला आणली. पुढचे कव्हर काढले तर टायमिंग बेल्ट तुटून पडलेला. इंजिनाचे हेड उतरवले. बारापैकी सात व्हॉल्व्ह वाकलेले आणि एका पिस्टनवर खोल खूण. वेळेवर बेल्ट बदलला असता तर जो खर्च आला असता त्याच्या सातपट खर्च झाला. तो मी घेतला नाही, घ्यायला तोंडच नव्हते. अक्का रागावली नाही. एवढेच म्हणाली, "तू बघितली होतीस ना रे गाडी?"

खरे सांगायचे तर मी ती बघितली नव्हती, नुसती ऐकली होती. आणि टायमिंग बेल्ट ऐकू येत नाही.

हा बेल्ट करतो काय? इंजिनाच्या तळाशी क्रँकशाफ्ट असतो. पिस्टन वरखाली होतात आणि तो फिरतो. इंजिनाच्या डोक्यात कॅमशाफ्ट असतो, तो व्हॉल्व्ह उघडतो. क्रँकचे दोन फेरे झाले की कॅमचा एक फेरा व्हायला हवा, दाताला दात जुळून. ही जोडणी ज्या दातेरी रबरी पट्ट्याने होते तो टायमिंग बेल्ट. रबराच्या आत बळकटीसाठी काचतंतूंचे दोरे असतात. इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल तर क्रँक सेकंदाला ५० वेळा फिरतो आणि प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला २५ वेळा उघडून मिटतो. पिस्टन वर येतो त्याच्या आत व्हॉल्व्हने वाट मोकळी केलेली असते.

पिठाच्या गिरणीचा पट्टा तुटला तर गिरणी थांबते, दुसरा पट्टा चढवला की पुन्हा पीठ पडू लागते. इथे तसे होत नाही. बेल्ट तुटला की कॅम जागच्या जागी थांबतो. काही व्हॉल्व्ह उघडेच राहतात. पिस्टन मात्र वेगात असतात, ते वर येऊन त्या व्हॉल्व्हवर आदळतात. काही इंजिनांत मधे पुरेशी जागा ठेवलेली असते आणि धडक होत नाही. पण आज रस्त्यावर असलेल्या बहुतेक इंजिनांत तेवढी जागा नसते. म्हणून चालत्या गाडीचे इंजिन असे एकाएकी बंद पडले आणि किल्ली फिरवल्यावर स्टार्टर नेहमीपेक्षा हलका, नुसता भिरभिरत फिरू लागला, तर पुन्हा पुन्हा स्टार्टर मारू नका. गाडी टोचन करा.

आता जुनी गाडी घेताना हा बेल्ट तपासायचा कसा? पहिली गोष्ट, बॉनेट उघडल्यावर जो पट्टा उघडा दिसतो तो हा नव्हे. तो अल्टरनेटरचा किंवा एसीचा पट्टा, ज्याला आपण अजून सवयीने पंख्याचा पट्टा म्हणतो. तो सैल झाला की किंचाळतो. कित्येकदा विकणारा अगदी प्रामाणिकपणे सांगतो, "बेल्ट आत्ताच नवीन टाकलाय," आणि बोट दाखवतो ते या बाहेरच्या पट्ट्याकडे. टायमिंग बेल्ट प्लॅस्टिकच्या कव्हराआड असतो.

बऱ्याच गाड्यांत त्या कव्हराचा वरचा भाग दोन-चार बोल्ट काढून सुटतो. इंजिन बंद ठेवून, गाडी थंड असताना मेकॅनिकला तो काढायला सांगा आणि बॅटरीच्या उजेडात बघा. दातांच्या मुळाशी भेगा आहेत का, कडा उसवल्यासारख्या झाल्या आहेत का, पाठ गुळगुळीत चकाकते का, आणि मुख्य म्हणजे तेलाचा ओलेपणा आहे का. तेल हा या रबराचा शत्रू आहे. जवळचे ऑईल सील गळत असेल तर नवा बेल्टही लवकर जातो. यातले काहीही दिसले तर बेल्ट बदलायचा, चर्चा नको.

पण याची उलट बाजू लक्षात ठेवा. काही दिसले नाही म्हणजे बेल्ट चांगला असे मुळीच नाही. अलीकडच्या बेल्टचे रबर जुन्यापेक्षा सुधारलेले आहे. ते शेवटपर्यंत काळे, नितळ दिसते आणि आतले दोरे मात्र थकलेले असतात. कधी टेन्शनरचे बेअरिंग घरघरते, तेवढाच काय तो आवाज. बेल्ट स्वतः तोंड उघडत नाही.

मग उरतो तो कागद. बेल्टची तपासणी डोळ्यांनी कमी आणि कागदाने जास्त होते. गाडीच्या पुस्तिकेत बेल्ट कधी बदलावा हे दिलेले असते. बहुतेक गाड्यांना ६० हजार ते एक लाख किलोमीटर, काहींना त्याहून अधिक, आणि अनेक पुस्तिकांत जोडीला वर्षांची मर्यादा. यातले जे आधी येईल ते धरायचे. मी चुकलो तो इथे. ५८ हजार किलोमीटर म्हणजे गाडी कमी चाललेली, एवढेच माझ्या डोक्यात होते. अकरा वर्षे मी मोजलीच नाहीत. गाडी दारात उभी असली तरी रबर म्हातारे होतच असते. 'कमी चाललेली गाडी' ही जाहिरातीतली सर्वात गोड ओळ आहे, आणि बेल्टच्या बाबतीत तीच फसवते.

म्हणून विकणाऱ्याकडे बिल मागा. नुसते 'सर्व्हिसिंग केले' असे बिल नको. त्यावर टायमिंग बेल्ट हे शब्द हवेत, तारीख हवी आणि त्या वेळचे मीटर रीडिंग हवे. सोबत टेन्शनर आणि आयडलर बदलल्याची नोंद असेल तर उत्तम. अनेक इंजिनांत वॉटर पंपही याच बेल्टवर चालतो. तो त्याच वेळी बदलला नाही, तर उद्या पंप गळाल्यावर तीच सगळी उघडउघड पुन्हा करावी लागते. काही चांगले मेकॅनिक बॉनेटखाली छोटा स्टिकर लावून तारीख आणि किलोमीटर लिहून ठेवतात, तोही शोधा. गाडी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला जात असेल तर तिथे जुन्या नोंदी असतात. मालकाला सोबत नेऊन त्या बघता येतात. मीटर मागे फिरवले असेल तर तेही या नोंदींतून उघडे पडते. आणि यातला कोणताच पुरावा मिळाला नाही, तर बेल्ट कधीच बदललेला नाही असे समजा. विकणारा खोटे बोलतो असे म्हणायचे कारण नाही. तो तिसरा मालक असेल, त्यालाच ठाऊक नसेल.

सगळ्याच गाड्यांना बेल्ट नसतो. मारुती ८००, ह्युंदाईची जुनी सँट्रो, डिझेलवरची इंडिका, रेनॉचे दीड लिटरचे डिझेल इंजिन, यांना बेल्ट आहे. मारुतीची २००८ पासून आलेली के-सीरिज इंजिने आणि बऱ्याच कंपन्यांच्या गाड्यांत बसलेले फियाटचे १.३ लिटरचे डिझेल इंजिन, यांना लोखंडी चेन आहे. चेनला ठरावीक मुदत नसते, पण तीही अमरपट्टा घेऊन आलेली नाही. इंजिन ऑईल वेळेवर बदलले नाही तर ती ताणते, आणि सकाळी थंड इंजिन सुरू करताना पहिले काही सेकंद साखळी आपटल्यासारखा खडखडाट करते. आणखी एक प्रकार म्हणजे तेलातच फिरणारा बेल्ट. २०१३ साली आपल्याकडे आलेल्या इकोस्पोर्टच्या एक लिटर टर्बो पेट्रोल इंजिनात तो आहे. तिथे ऑईल पुस्तिकेत सांगितलेल्या प्रतीचेच घातले होते का, याचीही बिले बघावी लागतात. एकाच नावाच्या गाडीत वर्षागणिक इंजिन बदललेले असते. तेव्हा ऐकीव माहितीवर जाऊ नका, पुस्तिका बघा.

आता क्लचकडे वळू. बेल्ट जितका मुका तितका क्लच बोलका. त्याला विचारायचे कसे, एवढे कळले की पुरे.

इंजिन सतत फिरत असते आणि चाकांना कधी जोडायचे, कधी सोडायचे हे क्लच ठरवतो. इंजिनाचे फ्लायव्हील आणि प्रेशर प्लेट यांच्यामध्ये क्लच प्लेट दाबून धरलेली असते. पेडल दाबले की रिलीज बेअरिंग पुढे सरकते आणि ती पकड सुटते. क्लच प्लेटचे अस्तर घासत जाते, जसा पाट्याचा टाका झिजतो तसे. किती वेगाने झिजेल हे मीटरवर कमी आणि चालवणाऱ्याच्या डाव्या पायावर जास्त अवलंबून असते. महामार्गावर लाखभर किलोमीटर धावलेल्या गाडीचा क्लच ठणठणीत असू शकतो. शहराच्या गर्दीत हाफ क्लचवर रांगलेल्या किंवा चढावर ब्रेकऐवजी क्लचवर तोललेल्या गाडीचा ४० हजारांतच संपलेला असू शकतो.

गाडी बघायला जाताना मालकाला सांगून ठेवा, की आम्ही येईपर्यंत इंजिन सुरू करू नका. थंड गाडी जास्त खरे सांगते. इंजिन सुरू करा, गिअर न्यूट्रलमध्ये ठेवा आणि क्लच हळूहळू दाबा. दाबल्यावर घरघर सुरू झाली तर रिलीज बेअरिंग झिजले आहे. उलट, दाबल्यावर घरघर थांबत असेल तर गिअरबॉक्समधल्या बेअरिंगकडे संशय जातो, आणि तो खर्च वेगळा. पेडल फार जड लागत असेल तर तीही झिजेची खूण असू शकते.

आता क्लच पूर्ण दाबून रिव्हर्स गिअर टाका. कर्रर्र आवाज आला तर क्लच पूर्ण सुटत नाही. मग पहिला गिअर टाकून पेडल सावकाश सोडा. गाडी कुठे धरते ते बघा. केबलच्या क्लचमध्ये पेडल अगदी वर आल्यावर गाडी हलू लागली, तर अस्तर बहुधा शेवटाकडे आले आहे. तेलावर चालणाऱ्या हायड्रॉलिक क्लचमध्ये झीज आपोआप भरून निघते, त्यामुळे तिथे या एका खुणेवर विसंबू नका. सुटताना गाडी थरथरत, धक्के देत निघाली तर प्लेट किंवा फ्लायव्हील तापून खराब झालेले असू शकते, किंवा इंजिनाची माऊंटिंग गेलेली असतात.

सर्वात महत्त्वाची परीक्षा रस्त्यावरची. मोकळा, शक्यतो चढाचा रस्ता घ्या. ताशी ४० च्या आसपास चौथ्या गिअरमध्ये जोराने ॲक्सिलरेटर दाबा. इंजिन कुरकुरत का होईना, गाडी हळूहळू वेग घेत गेली तर क्लच पकडतो आहे. इंजिनाचा आवाज आणि टॅकोमीटरचा काटा भरकन वर गेला आणि गाडी मात्र होती तिथेच राहिली, तर क्लच स्लिप होतो आहे. जळक्या अस्तराचा उग्र वास आला तर पुढे विचारायला नको.

चढ मिळाला नाही तर सपाट मोकळ्या जागी आणखी एक परीक्षा घेता येते. गाडीच्या पुढेमागे कुणी उभे नाही ना, ते आधी पाहा. हँडब्रेक घट्ट ओढा, तिसरा गिअर टाका, थोडा ॲक्सिलरेटर द्या आणि क्लच सावकाश सोडा. चांगला क्लच असेल तर इंजिन तिथल्या तिथे गचकन बंद पडेल. क्लच पूर्ण सोडूनही इंजिन चालूच राहिले तर अस्तर संपले. ही परीक्षा एकदाच घ्या. चार वेळा घेतली तर धडधाकट क्लचही तुम्हीच जाळाल, आणि गाडी अजून दुसऱ्याची आहे!

हल्ली बिनक्लचच्या गाड्यांची चलती आहे. त्यातल्या एएमटी प्रकारच्या गाड्यांत, म्हणजे २०१४ साली सेलेरिओपासून आपल्याकडे रुळलेल्या प्रकारात, पेडल नसले तरी आत क्लच प्लेट असतेच. फक्त ती दाबायचे काम यंत्र करते. तीही झिजते. चढावर सुटताना धक्के बसतात का, वास येतो का, हे तिथेही बघा. विजेवरच्या गाडीत मात्र बेल्टही नाही आणि असा क्लचही नाही. तिची तपासणी बॅटरीपाशी सुरू होते, तो वेगळा विषय.

एवढे सगळे बघितल्यावर करायचे काय? क्लच झिजला आहे म्हणून चांगली गाडी सोडू नका. क्लच बदलताना गिअरबॉक्स उतरवावा लागतो, त्यामुळे मजुरी बरीच असते. प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग तिन्ही एकदम बदलणेच शहाणपणाचे. काही डिझेल गाड्यांत दुहेरी फ्लायव्हील असते, ते गेले असेल तर खर्च फारच वाढतो. दोन ठिकाणी अंदाज घ्या आणि तेवढी रक्कम सौद्यातून वजा करायला सांगा. बेल्टच्या पुराव्याअभावी तोही खर्च तसाच धरा. विकणारा समजूतदार असेल तर निम्म्यावर तडजोड होते. मात्र क्लच दुखत असला तर गाडी महिनाभर सांभाळून चालवता येईल. बेल्टचा पुरावा नसेल तर गाडी घेतल्यावर पहिला प्रवास गॅरेजचा. देवदर्शन, सासुरवाडी, सगळे त्यानंतर.

आणि तुम्ही गाडी विकणारे असाल, तर बेल्ट बदलल्याचे बिल गाडीच्या कागदपत्रांसोबत नव्या मालकाच्या हातात द्या. तुमच्या लेखी तो रद्दी कागद असतो. पण पुढच्या घरातली माणसे त्याच्या भरवशावर घाट चढणार असतात.

भाच्याकडे ती गाडी अजून आहे. मी तिला नवा बेल्ट घातला तेव्हा कव्हरावर पांढऱ्या रंगाने तारीख आणि किलोमीटर लिहिले. आता प्रत्येक गाडीवर लिहितो. कुणी "जरा नजर टाकता का" म्हणून आले की बॉनेटला हात लावण्याआधी मी गाडीचे वय विचारतो आणि बिलांची पिशवी मागतो. लोकांना वाटते, म्हातारा आता मेकॅनिकचा कारकून झाला. वाटू दे. अक्काने पुन्हा तो प्रश्न विचारला, तर या वेळी मला उत्तर द्यायचे आहे, "हो, बघितली होती."